ओल्या फरशीवर पाय नको

मिस्त्रींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आत हात त्याच्यावर पडलेला असायचा. तोंड धुवायचं आणि स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसून गुडघ्यांना जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळायच्या. फरशी बसवणाऱ्याचं आयुष्य गुडघ्यांवर जातं. कामावर वरून रबरी पॅड चढायचे, पण खाली पट्टी हवीच. ती सैल राहिली तर दुपारपर्यंत कातडं सोलून निघतं आणि घट्ट झाली तर पाय बधिर होतो. मिस्त्री पट्टी बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. कोणतंही काम एकदा करून त्यांचं समाधान होत नसे.

तेवढ्यात पांघरुणासकट पोरगी यायची. कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसायची आणि तिची गाडी सुरू व्हायची. वर्गात कोण पडलं, कोणाच्या डब्यात काय होतं, रात्री काय स्वप्न पडलं. बोलायला लागल्यापासून ती थांबलीच नव्हती, म्हणून घरात तिचं नाव साळुंकी पडलं, आणि पुढे त्याची साळू झाली.

"अगं, मध्ये श्वास तरी घे," आई डबा भरता भरता म्हणायची.

"घेते की. नाकानं घेते. तोंड रिकामं नाहीये."

"ऐकलंत? बापावर गेलीय."

ते खरं होतं. मिस्त्री कामात जितके काटेकोर, तितके बोलण्यात मोकळे. कंत्राटदार पोट पुढे काढून कसा चालतो हे ते पट्टी बांधता बांधता बसल्या बसल्या करून दाखवायचे. साळू हसून आडवी व्हायची. मिस्त्री संध्याकाळी घरी यायचे ते अंग मोडून, जेवून झोपायचे. बापलेकीचा दिवस म्हणजे तेवढी पहाट.

हे सगळं चालायचं घरच्या भाषेत. मिस्त्री आणि बायको तरुणपणी या शहरात आले ते ही भाषा घेऊन. शहराची भाषा वेगळी. मिस्त्री ती कामावर शिकले. माल आण, सरळ धर, हे काढ, उद्या येतो. पोट भरायला एवढी पुरत होती. त्या भाषेत त्यांनी कधी गंमत केली नव्हती, कारण गंमत करायला चार शब्द जास्तीचे लागतात आणि त्यांच्याकडे ते नव्हते. बायकोची गाडी तर त्या भाषेत दुकान आणि बस यांच्यापलीकडे गेली नव्हती.

मिस्त्रींची एक पद्धत होती. फरशी बसली की दुसऱ्या दिवशी ते हातोडीच्या लाकडी दांड्यानं प्रत्येक लादी वाजवून बघायचे. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो. कुठे जागा राहिली असेल तर पोकळ येतो. पोकळ लादी ते काढायचे, मग ती दारात असो की कपाटाखाली. एकदा कंत्राटदार म्हणाला, "अहो, तिथं कपाट येणार आहे. कोण वाजवायला जातंय?" मिस्त्री म्हणाले, "मी गेलो ना आत्ता." आणि लादी उचकटली. त्यांचं म्हणणं साधं होतं. जे घाम न गाळता वर आलं ते पोकळ.

साळू पाचवीत गेली तेव्हा शाळेनं आईबापांना बोलावलं. पाचवीपासून प्रत्येक मुलाला शहराच्या भाषेशिवाय जगातली आणखी एक भाषा घ्यावी लागे. शाळेत अशा पाच भाषा होत्या आणि प्रत्येकीच्या चार पायऱ्या. मूल कोणत्या पायरीवर बसेल हे आधी परीक्षा घेऊन ठरवत. मिस्त्रींच्या गावाकडची माणसं शहरात बरीच झाली होती, म्हणून त्या पाचांत त्यांची घरची भाषाही होती. ती शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच मुलुखातल्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, टेबलावर खडूची धूळ. मिस्त्रींना धूळ बघून बरं वाटलं. काम करणारी बाई.

बाई खुशीत होत्या. "काय बोलते हो तुमची मुलगी! साळुंकी नाव तिनंच सांगितलं. मी चित्र दाखवलं आणि एक प्रश्न विचारला. पुढचे सगळे प्रश्न तिनंच मला विचारले."

साळू खुर्चीवर पाय हलवत बसली होती. आई पदर सावरून हसली.

"आम्ही चार गोष्टी वेगवेगळ्या तपासतो," बाई म्हणाल्या. "ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. ऐकण्यात आणि बोलण्यात ही चौथ्या पायरीच्या वर आहे. वाचायला मात्र येत नाही, लिहायला तर मुळीच नाही. अशी घरून भाषा घेऊन आलेली मुलं आहेत, त्यांचा मी वेगळा वर्ग घेते. तिथं ही लिहाय-वाचायला शिकेल. मार्कही छान पडतील, पुढं कॉलेजला उपयोगी पडतात."

मिस्त्रींनी विचारलं, "मार्क कशाचे?"

"कशाचे म्हणजे?"

"बोलते ती आईच्या कडेवर बसून शिकली. त्याला कष्ट काय पडले तिला?"

"आम्ही मार्क घामाला देत नाही, काका. जे येतं त्याला देतो."

हे वाक्य मिस्त्रींच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. ज्याला आयतं येतं त्याला मार्क आणि जो मरमर मरतो त्याला शून्य? आयुष्यभर ज्या गोष्टीची त्यांना चीड, ती शाळेत नियम म्हणून बसली होती.

"दुसऱ्याच्या फरशीवर उभं राहून मी मजुरी मागू का?" ते म्हणाले.

"दुसऱ्याची कशी? तुमच्याच घरची आहे. दहा वर्षं तुम्ही दोघांनी बसवलीय."

मिस्त्रींनी ते कानाआड केलं. स्वयंपाकघरात बसून गप्पा मारणं हे काम असतं, हे त्यांच्या हिशेबात कधी नव्हतंच. त्यांनी विचारलं, "पहिल्या पायरीपासून कुठली भाषा शिकता येईल? जिचा एक शब्दही हिला येत नाही अशी."

बाईंनी चष्मा काढला. "एक आहे. सगळ्यात अवघड म्हणतात मुलं."

"ती द्या."

"बाबा, मला बाईंच्या वर्गात बसायचंय," साळू म्हणाली. "मला आपलं लिहायला शिकायचंय."

"आपलं काय पळून जातंय? ते घरातच आहे."

घरी पोचून कुलूप काढताना बायको म्हणाली, "दहा वर्षं मी या पोरीपाशी बडबडले, ते काय फुकट गेलं?"

"फुकट कसं जाईल? ते आहेच."

"आहेच म्हणून टाकून द्यायचं?"

"टाकायचं कोण म्हणतंय?"

इथपर्यंत मिस्त्रींनी केलं ते पुष्कळ बाप करतात. पुढचं मात्र फरशीवाल्यालाच सुचावं. नवी फरशी बसली की दारात दोरी आडवी बांधतात. माल घट्ट धरेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. पहिल्या महिन्यात साळूला नव्या भाषेचे शब्द राहीनात. तोंडी परीक्षेत ती मधेच घरचे शब्द घालायची, मुलं हसायची. मिस्त्रींनी विचार केला आणि रोग सापडला असं त्यांना वाटलं. खाली माल ओला आणि वरून घरभर पाय.

"ओल्या फरशीवर पाय नको," त्यांनी जेवताना सांगितलं. "नवी भाषा बसेपर्यंत साळूशी आपल्या भाषेत बोलणं बंद. नवी बोलायची, नाहीतर शहराची. बसली की दोरी सोडू."

"आणि मी काय बोलू तिच्याशी?" बायको म्हणाली. "मला शहराची येते तेवढ्यात वांगी मिळतात, लेक नाही मिळत."

"थोडे दिवस कळ काढ."

"फरशी वाळली की सांगा हो. मी आपली दारात उभी आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे साळू पांघरूण ओढत आली. "बाबा, काल ना—"

मिस्त्रींनी बोट वर केलं. ती थांबली. मग तेच शहराच्या भाषेत सांगू लागली. भराभर, शाळेतल्या मुलींसारखं. मिस्त्रींना निम्मं कळलं. शेवटी ती हसली, म्हणजे काहीतरी गंमत असणार. त्या गमतीला जोड द्यायला त्यांच्याकडे दुसरी गंमत होती, पण शब्द नव्हते.

"बरं," ते म्हणाले.

थोडे दिवस ती येत राहिली. मग पांघरुणात डोकं खुपसून नुसती बसायला लागली. मग यायची बंद झाली. मिस्त्री म्हणाले, वाढत्या वयात झोप हवीच. स्टुलावर बसून त्यांनी पट्टी बांधली, एकदाच, आणि निघाले.

साळूनं मेहनतीत कसूर केली नाही. पहिल्या वर्षी बोलण्यात जेमतेम पास झाली. भिंतीकडे तोंड करून धडे घोकायची. रविवारी मिस्त्री शेजारी बसून बघायचे. त्यांना एक अक्षर कळत नसे, पण पोरीची वाकलेली मान दिसायची. आवाज भरीव येतोय, असं त्यांना वाटायचं. दुसरी पायरी झाली, तिसरी झाली. आई चोरून घरच्या भाषेत काहीबाही विचारायची. साळू मान हलवायची किंवा शहराच्या भाषेत उत्तर द्यायची. नियम तो नियम, आणि पोरगी बापाची.

"अहो, वाळली का तुमची फरशी?" बायको अधूनमधून विचारायची. आधी चेष्टेनं विचारायची, नंतर नुसती विचारायची.

चौथ्या पायरीवर साळू वर्गात पहिली आली. शाळेनं बक्षीस दिलं. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून गेले. बाहेर ओसरीत त्या चष्म्याच्या बाई भेटल्या. त्यांनी साळूची पाठ थोपटली आणि घरच्या भाषेत विचारलं, "काय गं साळुंके, आता मला प्रश्न नाही विचारणार?"

साळूनं शहराच्या भाषेत सभ्यपणे त्यांचे आभार मानले.

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. "कळतं तिला?"

"कळतं की."

"बोलते?"

"बोलेल. आता मोकळी करतो."

त्या रात्री जेवणावर मिस्त्रींनी दोरी सोडली. "बोल आता आपल्यात. खूप झालं."

साळूनं तोंड उघडलं. बक्षिसाच्या वेळी काय झालं ते सांगायला लागली. दुसऱ्याच वाक्यात शब्द अडला. ती तो शोधत राहिली, हात हवेत. आई हसली. मायेनंच हसली, मूल पहिलं पाऊल टाकताना पडलं की हसतात तशी. पण साळू आता चौदा वर्षांची होती. तिचे कान लाल झाले आणि राहिलेलं तिनं शहराच्या भाषेत संपवलं. त्यानंतर तिनं परत प्रयत्न केला नाही, आणि मिस्त्रींना आग्रह कसा करावा हे कळलं नाही. फरशीचं त्यांना माहीत होतं, की दोरी सोडली की माणसं आपोआप चालायला लागतात. इथं कोणी येईनाच.

साळू शिकली, नोकरीला लागली. तीच अवघड भाषा तिला कामी आली. परदेशी गिऱ्हाइकांशी ती फोनवर बोलायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिनं स्वतःचं घर केलं. मिस्त्री तिच्यासाठी वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकत होते. कॉलेजला देऊ केले तर तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. घराला देऊ केले तर म्हणाली, "बाबा, आहेत माझ्याकडे." वाईट बोलली नाही. तिला खरंच नको होते.

रविवारी ती यायची. आई ताटात वाढत राहायची, कारण वाढायला भाषा लागत नाही.

"बरी आहेस?"

"बरी आहे."

"काम?"

"चाललंय."

"बरं."

मग तिघं मिळून खिडकीबाहेर बघायची.

मिस्त्रींचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं. कामावरच्या, त्यांच्याच मुलुखातल्या जोडीदारांनी निरोप द्यायचं ठरवलं, तेही अर्धवट झालेल्या एका हॉलमध्ये, कारण तिथली फरशी मिस्त्रींची शेवटची. रिकाम्या बादल्या उलट्या करून माणसं बसली. साळू आईला घेऊन आली होती. कागदी कप हातात धरून भिंतीशी उभी होती.

लंबू म्हणून त्यांचा जुना जोडीदार होता. तो ओरडला, "मिस्त्री, गोटीची गोष्ट सांगितल्याशिवाय सुटका नाही!"

"शंभरदा ऐकलीय तुम्ही."

"मग एकशे एकदा ऐकतो. गुडघे गेलेत तुमचे, जीभ नाही."

मिस्त्री उठले. पोट पुढे काढलं. सगळे आधीच हसायला लागले. "कंत्राटदार घरमालकाला म्हणतो, साहेब, आमची फरशी इतकी सपाट, की गोटी ठेवा, हलणार नाही. मालक पक्का. खिशातून गोटीच काढली. ठेवली. गोटी निघाली. बैठकीतून निघाली, दारातून गेली, जिन्यावरून टप टप टप खाली. सगळे गप्प. कंत्राटदार कपाळाचा घाम पुसतो आणि म्हणतो, बघितलंत साहेब? दारसुद्धा कसं बरोब्बर गोटीच्या रेषेत बसवलंय!"

हॉल दणाणला. बायकोनं शंभरदा ऐकलेली गोष्ट, तीही डोळे पुसत होती. साळूला घरच्या भाषेतले ते शब्द जवळजवळ सगळे कळले. ते जुळवून होईपर्यंत माणसं हसून दमली होती. ती हसली तेव्हा हॉलमध्ये एकटीच हसत होती.

तिनं लंबूला शहराच्या भाषेत विचारलं, "काका, बाबा नेहमी असं बोलतात?"

"नेहमी? अगं, गोणी उचलायला कोण येतो हौसेनं? आम्ही यांच्या तोंडासाठी कामावर यायचो." मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "घरी नाही बोलत?"

साळूनं कागदी कप बादलीवर ठेवला आणि आईला आणायला गेली.

परतताना ती गाडी चालवत होती, मिस्त्री शेजारी बसले होते. ती पुढं बघत म्हणाली, "लहान असताना तुम्ही मला हसवायचात. मला वाटायचं, लहान मुलांना सगळंच हसायला येतं म्हणून. मला वाटलं, तुम्ही मुळात कमी बोलणारे."

मिस्त्रींना तिला पुष्कळ सांगायचं होतं. कोणी कमी बोलणारा नव्हता. एका माणसानं दारात दोरी बांधली आणि तोच आत अडकला. त्या बाई बरोबर होत्या. तुझी फरशी केव्हाच बसली होती, भरीव, कोपऱ्यापर्यंत, आणि मी न वाजवता ती पोकळ ठरवली. हे सगळं त्यांच्या मनात घरच्या भाषेत तयार होतं. शहराच्या भाषेत त्यातलं काहीच सांगता येईना.

"बरं," ते म्हणाले.

मागच्या सीटवर बायकोनं काच खाली केली.

पुढच्याच महिन्यात साळूचा फोन आला. तिच्या जुन्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी भाषांचे वर्ग चालत. "मी नाव घालतेय. बाबा, तुम्ही याल?"

मिस्त्री काठी टेकत गेले. चष्म्याच्या बाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. आता एक तरुण मास्तर होता. पद्धत तीच, आधी परीक्षा. साळू आत गेली, मिस्त्री ओसरीतल्या बाकावर बसले. सवयीनं काठीचं टोक लादीवर वाजवलं. पोकळ. शेजारची वाजवली, तीही पोकळ. कोणीतरी घाईत बसवून गेला होता. पण त्या लाद्यांवरून इतकी वर्षं पोरं धावत होती आणि एकही तडकली नव्हती. मिस्त्रींनी काठी बाजूला ठेवली.

दार उघडं होतं. आतून साळूचा आवाज येत होता. अडत, थांबत, हात हवेत. मास्तर घाई करत नव्हता.

मग त्यानं दोघांना बसवून सांगितलं. "ऐकणं छान आहे, तिसऱ्या पायरीचं. पण बोलणं पहिल्याच पायरीचं आहे, आणि आमच्याकडे वर्ग बोलण्यावरून ठरतो. पहिलीत बसावं लागेल. चालेल?"

साळू म्हणाली, "चालेल."

मास्तरानं मिस्त्रींकडे पाहून विचारलं, "घरी कोणी बोलणारं आहे का? सरावाला बरं पडतं."

"आहेत," मिस्त्री म्हणाले. "दोघं आहेत."

खाली फी भरायच्या खिडकीशी बसलेल्या बाईनं विचारलं, "विद्यार्थी कोण?"

"मुलगी."

"कितवीला आहे?"

मिस्त्रींनी मागं उभ्या असलेल्या, कानावर दोन केस पिकलेल्या मुलीकडे पाहिलं. "पहिलीला."

साळू हसली. या वेळी वेळेवर हसली. तिनं पर्स उघडली होती. मिस्त्रींनी खिडकीच्या कडेवर हात ठेवून तिची वाट अडवली आणि खिशातलं पाकीट काढलं. ती नेहमीसारखं म्हणेल, बाबा, आहेत माझ्याकडे, अशी त्यांना भीती होती. तिनं पर्स बंद केली.

कॉलेजला नको झालेले, घराला नको झालेले, गुडघ्यांच्या कातड्यावर मिळवलेले ते पैसे मिस्त्रींनी खिडकीतून आत सरकवले. त्यातून साळूला पहिल्या पायरीवर एक जागा मिळाली, तीही त्या भाषेत, जी बोलताना जरा थांब म्हणून तिची आई तिला एकेकाळी विनवायची.

घरी पोचल्यावर बायकोनं दारातच विचारलं, "काय झालं?"

मिस्त्री बुटक्या स्टुलावर बसले. पट्ट्या बांधायच्या नव्हत्या, तरी हात गुडघ्यांवर गेले.

"फी भरली," ते म्हणाले.